कंदिलाचा हिशेब

डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे नाव भाषणात निघाले की पाठोपाठ कंदील येतोच. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एक लहानशी खोली, तीत ना गॅस, ना पाण्याचा नळ, ना वीज. आणि रात्री धुरकट दिव्याच्या उजेडात बसून त्यांनी काला-आजारावरचे औषध शोधले. गोष्ट खरी आहे. पण आम्हा विद्यार्थ्यांना ती सांगितली जाते ती बहुधा कोणी प्रयोगशाळेत नवे बर्नर मागितले की! मी वाणिज्य शाखेचा. बर्नरशी माझा संबंध नाही. परंतु खात्याची एकच बाजू वाचून हिशेब मिटविलेला मला खपत नाही.

दुसरी बाजू पाहा. ब्रह्मचारींनी १८९४ साली रसायनशास्त्रात एम्. ए. केले, १९०२ साली ते एम्. डी. झाले, १९०४ साली पीएच्. डी. मिळविली. म्हणजे कंदिलापाशी बसलेला हा डॉक्टर मुरलेला रसायनज्ञही होता. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे अनुदान त्यांना मिळाले होते. आणि खोलीबाहेर रुग्णालय होते. महिनोन् महिने ताप, वाढलेली प्लीहा आणि काळवंडलेली कातडी घेऊन आलेले रोगी तेथे होते. त्या काळी अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने देत. उपचार लांबलचक आणि औषधाची बाधाही मोठी. ब्रह्मचारींनी अँटिमनीची सेंद्रिय संयुगे बनवून पाहिली आणि १९२० साली युरिया स्टिबामाइन हाती आले. महिन्यांचे काम काही आठवड्यांवर आले.

मला त्यांची थोरवी कंदिलापेक्षा पुढच्या एका गोष्टीत दिसते. काला-आजारातून उठलेल्या काही रोग्यांच्या अंगावर पुढे चट्टे व गाठी येतात, हे त्यांनी १९२२ साली दाखवून दिले. औषध लागू पडले, नाव झाले, तरी बऱ्या झालेल्या माणसाकडे पुन्हा पाहावेसे वाटणे, हे मला विशेष वाटते. भाषणांत मात्र याचा उल्लेख मी ऐकलेला नाही.

१९३६ साली इंदूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. तेव्हा मराठी मुलखाला हे नाव अगदीच परके नसावे.

पुढच्या खेपेस व्यासपीठावरून कंदील निघाला, तर श्रोत्यांतून कोणीतरी त्या अनुदानाविषयी विचारावे. कोणी न उठल्यास मी उठणार आहे.