साठीपुढचा पहिला धडा

सप्टेंबर २०१९ मध्ये नर्मदेवरचे सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातले निसरपूर गाव पाण्याखाली गेले. माणसे पुनर्वसन वसाहतीत आली. घर बदलले की आधार, बँक, रेशन असा सगळीकडचा पत्ता बदलावा लागतो आणि आता ही कामे बहुतेक संगणकाच्या पडद्यावर होतात.

संगणक शिकवायला ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये डिजिटल साक्षरता अभियान आणले. पात्र घरातल्या एकाला वीस तासांचे प्रशिक्षण मिळे. सहा कोटी लोकांना शिकवण्याचे उद्दिष्ट ओलांडून मार्च २०२४ मध्ये ते संपले. पण वयाची अट होती १४ ते ६० वर्षे. ज्याला पेन्शनसाठी अंगठा लावायचा आहे, तोच नेमका वर्गाबाहेर राहिला!

शिवाय वीस तासांत काय होते? जन्मभर नांगर धरलेल्या हाताला माउस हलका लागतो. बाण पडद्याच्या कडेला पळतो, डबल क्लिक जमता जमत नाही. त्यात, मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे शिकायला तर आणखी वेळ हवा.

तेव्हा नवे वर्ग काढताना वरची वयोमर्यादा काढा. वर्ग शेतीची कामे उरकल्यावर, संध्याकाळी भरवा. तिथल्या निमाडी-भिली बोलीत शिकवा. आणि परीक्षा एकच ठेवा : शिकणाऱ्याने स्वतःचा फॉर्म स्वतः भरावा. प्रमाणपत्र भिंतीवर लटकते. फॉर्म भरून देणाऱ्या दलालाचे पैसे मात्र खिशात वाचतात.