शोभतं का?

परवा घरी पाहुणे होते. चहा झाला, कांद्याच्या भावाचं नेहमीचं रडगाणं झालं, आणि विषय कसा कोण जाणे मिनिषा लांबावर आला. २००५ सालच्या 'यहाँ'ची नायिका, पुढे टीव्हीवर 'बिग बॉस'मध्ये दिसलेली. आता ती पोकरच्या स्पर्धा खेळते, असं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं. आमचे साडू लगेच म्हणाले, "चांगल्या घरच्या बाईला शोभतं का हे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

पत्त्यांची बाजू घेणारा मी नव्हे. शाळेमागे तीन पत्ती खेळणाऱ्या पोरांचे कान मी भरपूर पिळले आहेत. पण स्पर्धेतला पोकर कसा असतो ते नातीकडून समजून घेतलं. ठरलेली फी भरायची, तिच्या बदल्यात चकत्या मिळतात. त्या चकत्यांचे मधेच पैसे करता येत नाहीत. संपल्या की उठायचं. काही ठिकाणी पुन्हा फी भरून बसू देतात, पण ठरलेल्या वेळेपर्यंतच. समोरच्यालाही खेळ येत असतो. ही बाई हरली तर तिची स्वतःची फी जाते. यात माझं किंवा तुमचं काय गेलं?

आता दुसरी बाजू बघा. शाहरुख खान, शाहीद कपूर यांनी पत्त्यांच्या अ‍ॅपच्या जाहिराती केल्या. सचिन तेंडुलकरने पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची केली, त्यावरून ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी त्याच्या घरासमोर आंदोलन केलं. जाहिरातीचे पैसे आधीच ठरलेले. पुढे खेळणारा जिंको नाहीतर हरो. या जाहिराती आपण याच खोलीत, क्रिकेट बघताना, शेंगा खात पाहिल्या. तेव्हा "शोभतं का" कुणीच विचारलं नाही.

अ‍ॅपवाले म्हणायचे, हा कौशल्याचा खेळ आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य मुख्य आहे असं म्हटलं, ते खरं. पण त्याच निकालात असंही आहे की खेळ भरवणारा त्यातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. हे जाहिरातीत कोण सांगणार? आणि कौशल्याचंच म्हणाल तर हस्तिनापुरातही कौशल्याचाच खेळ झाला. कौशल्य शकुनीचं होतं, धर्मराजाला फक्त हौस होती.

आमच्या नात्यातल्या एका पोराचं सांगतो. कोण ते नातेवाइकांना माहीत आहे, कृपया खाली नाव लिहू नये. अ‍ॅप कोणतं तेही सांगत नाही. घोडेगावच्या बाजारात कांदा विकला, पट्टीचे पैसे बापाच्या खात्यावर आले, आणि पोराने ते चार रात्रींत गोधडीत बसून घालवले. बापाला वाटलं आडत्याने पैसे दिलेच नाहीत. भर बाजारात त्याच्याशी भांडून आला. खरं कळल्यावर त्या माणसाने आडत्याचे पाय धरले. साठीचा माणूस हो! मी शेजारी उभा होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगलं झालं, पण उशिरा झालं. त्याच्या महिनाभर आधी राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री विधिमंडळात मोबाइलवर रमी उघडून बसल्याचा व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. त्यांचं खातं बदललं, क्रीडा दिलं. हसावं की रडावं? असो.

परवा माना डोलावणाऱ्यांत त्या पोराचा बापही होता. साडूंचं बोलणं ऐकून तो सगळ्यांत जोरात हो म्हणाला, आणि मग बराच वेळ कपबशीकडे बघत बसला.