शकुंतलेचे डबे किलोच्या भावात?

मूर्तिजापूरची शकुंतला बंद पडली, आता डबे भंगारात काढा अन् बागेत फायबरची झुकझुकगाडी आणा, असं म्हणणारे आपल्यातच आहेत. अहो, यवतमाळ-अचलपूरची ही लाईन अडीच फुटी! १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. ब्रॉडगेज व्हावीच, त्याबद्दल वाद नाही. पण मिनिएचर हवंय ना? मग आयटीआयच्या पोरांकडून खऱ्या बॉयलरचं बनवून घ्या की. आणि डबे वितळल्यावर त्यामागे जोडायच्या छोट्या डब्यांची मापं कुठून घेणार? सोर्स कोड डिलीट करून स्क्रीनशॉट जपायची आपली जुनी खोड! मुंबईत सीएसएमटीला २०२१ मध्ये जुन्या डब्यात हॉटेल निघालं. अकोला-अमरावतीत निदान एक डबा तरी शेडखाली ठेवा राजेहो, चाकांसकट.