मोफत वाचनालय आणि न येणारा वाचक



आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत लायब्ररीचे कार्ड येते ते मुलांच्या निमित्ताने. शनिवारची गोष्टीची वेळ, उन्हाळ्यातली वाचनस्पर्धा, शाळेच्या प्रकल्पासाठी एका वेळी वीस-वीस पुस्तके, असे काही वर्षे चालते. मुले हायस्कूलला गेली की त्या इमारतीशी घराचे नाते हळूहळू सुटते. घरातल्या मोठ्या माणसांचे नाते तर अनेकदा जुळलेलेच नसते. भारतातून कायमचे राहायला आलेले आईवडील, गाडी न चालवणारे ज्येष्ठ, दृष्टी अधू झालेले, दिवसभर दुकानात किंवा रुग्णालयात पाळी करणारे, इंग्रजी वाचता येत असूनही बोलायला बिचकणारे, असे कितीतरी प्रौढ आपल्यात आहेत. वाचनालयाचा मोठा खर्च आपल्या स्थानिक करातून भागतो. तरीही करदात्यांच्या घरातल्या या माणसांना ते आपले वाटत नाही. या अंकात त्याविषयी लिहायचे आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला इथल्या, अमेरिकेतल्या वाचनालयाचे पहिले अप्रूप वाटते ते मोफत असण्याचे. आपल्याकडची वाचनालयाची परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पण ही परंपरा मुख्यतः संस्थांची आणि सभासदांची आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानेही तीच चौकट ठेवली: वाचनालय संस्थेने चालवायचे, सरकारने अनुदान द्यायचे आणि सभासदाने अनामत व वर्गणी भरायची. इथे वर्गणी नाही, अनामत नाही, राहण्याचा पुरावा दाखवला की कार्ड मिळते. त्यामुळे हे वाचनालय सर्वांचेच आहे असा आपला समज होतो. माझ्या मते हा समज अपुरा आहे. दारावर पैसे न घेणे ही फक्त सुरुवात झाली. वाचनालय सर्वांचे आहे की नाही, हे आत बसलेल्या वाचकांकडे पाहून कळत नाही. जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी काय केले, हे विचारल्यावरच ते कळते.

अमेरिकेच्या वाचनालयांचा इतिहासही हेच सांगतो. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून या देशात १,६७९ सार्वजनिक वाचनालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेकींच्या दर्शनी बाजूला दगडी पायऱ्यांची भव्य रांग होती. ज्ञानाकडे चढून जावे, ही त्यामागची भावना. काठी टेकत किंवा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला त्या पायऱ्यांनी खालीच थांबवले. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आल्यानंतर अशा ठिकाणी उतार आणि लिफ्ट बसवण्याला खरा जोर आला. पायऱ्यांपेक्षा कठोर आडकाठी वर्णाची होती. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुणांनी वाचनालयात जाऊन कार्ड मागितले. नकार मिळाल्यावर प्रत्येकाने एकेक पुस्तक उचलले आणि शांतपणे वाचत बसले. त्यांना अटक झाली. सॅम्युएल टकर या तरुण वकिलाने हा सत्याग्रह आखला होता. शहराने मूळ वाचनालय त्यांना खुले केले नाही, पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान वाचनालय बांधून दिले. लुइझियानातल्या एका वाचनालयात मूक निषेध करणाऱ्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६६ साली. आज आपण ज्या दारातून सहज आत जातो, ते दार अशा माणसांनी उघडून घेतलेले आहे.

आजच्या आडकाठ्या इतक्या उघड दिसत नाहीत. उशिराचा दंड हे त्यांतले सर्वात बोलके उदाहरण. दिवसाला काही सेंट, तक्रार कसली करायची, असे अनेकांना वाटेल. पण सॅन फ्रान्सिस्को वाचनालयाने जानेवारी २०१९ मध्ये या दंडाचा अभ्यास मांडला. पुस्तक परत करायला उशीर सगळ्याच उत्पन्नगटांतले लोक जवळपास सारख्याच प्रमाणात करतात. फरक पडतो तो दंड भरण्याच्या ऐपतीत, असे त्यात दिसले. शिकागोत दंड थकल्यामुळे बंद पडलेली कार्डे शहराच्या दक्षिण भागात सुमारे तिसरा हिस्सा होती, तर उत्तर भागात सहाव्या हिश्श्याहूनही कमी. चूक सारखी, शिक्षा मात्र गरिबाला जास्त. शिकागोने ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड रद्द केला. पहिल्या काही आठवड्यांतच परत येणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण २४० टक्क्यांनी वाढल्याचे वाचनालयाने सांगितले. सॅन डिएगोने हिशेब केला तेव्हा पावणेसात लाख डॉलरचा दंड गोळा करण्यासाठी कर्मचाऱ्यांचा दहा लाख डॉलरचा वेळ जात असल्याचे निघाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या तिन्ही वाचनालयांनी दंड माफ केला, तेव्हा सुमारे चार लाख कार्डे पुन्हा चालू झाली. त्यातली निम्म्याहून अधिक गरजू वस्त्यांतल्या लोकांची होती.

दंड नसेल तर शिस्त राहणार नाही, हा आक्षेप आपल्या पिढीला पटण्यासारखा आहे, कारण आपण शिस्तीच्या शाळेतच वाढलो. पण दंड गेला म्हणजे जबाबदारी गेली असे झालेले नाही. पुस्तक हरवले तर किंमत भरावी लागते आणि मुदत उलटून गेलेली पुस्तके परत आल्याशिवाय सहसा नवे पुस्तक मिळत नाही. शिकागोचा अनुभव तर उलटच सांगतो: भीती गेल्यावर माणसे पुस्तके घेऊन परत आली. ज्याचे पुस्तक सहा महिने घरात पडून आहे तो बहुतेक वेळा बेजबाबदार नसतो. आता काउंटरवर काय ऐकावे लागेल या संकोचाने तो येत नाही. अशा माणसाला कायमचे बाहेर ठेवून वाचनालयाला ना पुस्तक मिळते, ना वाचक.

दुसरी आडकाठी शरीराची. आपल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने ती सर्वात महत्त्वाची आहे. या देशाने १९३१ साली कायदा करून अंध प्रौढांसाठी पुस्तके पुरवण्याची जबाबदारी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे दिली. १९३४ पासून तबकड्यांवरची बोलकी पुस्तके सुरू झाली. १९५२ मध्ये मुलांचा समावेश झाला आणि १९६६ मध्ये शारीरिक व्याधीमुळे पुस्तक हातात धरता किंवा वाचता न येणाऱ्यांचा. आज या सेवेचा लाभ घ्यायला पूर्ण अंधत्व लागत नाही. मॅक्युलाच्या विकाराने अक्षर दिसेनासे झालेले, पार्किन्सनमुळे ज्यांना पान उलटता येत नाही असे, वाचनाची अक्षमता असलेले, हे सगळे त्यात बसतात. ऐकण्याचे यंत्र विनामूल्य उसने मिळते, पुस्तके टपालाने येतात आणि टपालखर्चही लागत नाही. फोनवरही ती उतरवून घेता येतात. अर्जावर डॉक्टर, परिचारिका किंवा ग्रंथपालाची सही चालते. इतकी जुनी आणि इतकी चांगली सेवा आपल्या घरांपर्यंत पोहोचत नसेल, तर ती नुसती असून भागणार नाही. ती शोधत येण्याचे बळ ज्याच्यात नाही, त्याला कुणीतरी जाऊन सांगायला हवे.

यातला एक धागा थेट मराठीशी जोडलेला आहे. वाचनात अडचण असलेल्यांसाठी तयार केलेल्या प्रती देशोदेशी पाठवता याव्यात म्हणून २०१३ साली मराकेशमध्ये करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. अमेरिकेत तो २०१९ मध्ये लागू झाला. दरम्यान भारतात २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हा अशा पुस्तकांचा संग्रह उभा राहिला. भारतीय भाषांतल्या या पुस्तकांत मराठीही आहे. दोन्ही देशांतल्या अधिकृत संस्थांना आता अशा प्रती एकमेकांना देता येतात. कायद्याने वाट करून दिली आहे, पण मागणी नोंदली गेल्याशिवाय त्या वाटेने एकही मराठी पुस्तक इथल्या आजी-आजोबांपर्यंत येणार नाही.

भाषेचा प्रश्न निघाला की एक आक्षेप हमखास येतो: मूठभर मराठी वाचकांसाठी इथल्या करदात्यांनी का खर्च करावा? पहिली गोष्ट, आपणही करदाते आहोत. दुसरी, यातला बराच खर्च पूर्वीच झालेला आहे. ‘पीएल-४८०’ म्हटले की आपल्या ज्येष्ठांना अमेरिकन गहू आठवेल. त्या गव्हाच्या बदल्यात भारतात साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली आणि इथल्या निवडक विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठी पुस्तकेही होती. शिकागोसारख्या विद्यापीठांत आज मराठीचा जो मोठा संग्रह आहे, त्याच्या मुळाशी ही योजना आहे. आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय असेल, तर गावातल्या छोट्या शाखेतूनही असे पुस्तक मागवता येते. प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक पुस्तक देईलच असे नाही, पण विचारायला काहीच खर्च येत नाही. वाचनालयांची खरेदी मागणीच्या नोंदींवर बरीचशी अवलंबून असते. गुजराती आणि हिंदीची फळी आहे आणि मराठीची नाही, असे जिथे दिसते, तिथे आधी आपण किती मागण्या नोंदवल्या हे पाहावे.

आता सगळे फोनवर मिळते, मग इमारत आणि घरपोच सेवा हवी कशाला, असेही विचारले जाते. डिजिटल पुस्तकांनी मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण वाचनालयाला ई-पुस्तक विकत मिळत नाही, परवाना मिळतो. २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने २६ वेळा दिल्यावर परवाना संपेल अशी अट घातली. इतर काही मोठे प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात, तीही सामान्य ग्राहकाच्या कितीतरी पट किमतीला. म्हणजे फोनवरचे पुस्तक वाचकाला फुकट असले तरी वाचनालयाला महाग पडते. शिवाय ज्याला पासवर्ड, पिन आणि अ‍ॅप यांच्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्याला शेजारी बसून शिकवणारा माणूस लागतोच. तो माणूस वाचनालयातच भेटतो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या देशातल्या १६ ते ६५ वयोगटातल्या २८ टक्के प्रौढांचे वाचनकौशल्य सर्वात खालच्या पातळीवर आढळले. एवढ्या माणसांना फोन हातात देऊन वाचक करता येणार नाही.

या बाबतीत एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली दृष्टी मला आजही अनुकरणीय वाटते. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली मोफत वाचनालये पाहिली आणि कनेक्टिकटचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना १९१० साली बडोद्याला नेले. शहरात मोठे मध्यवर्ती वाचनालय उभारून ते थांबले नाहीत. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवण्याची फिरती वाचनालये त्यांनी चालवली आणि वाचता न येणाऱ्या प्रौढांसाठी चित्रे, मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे दाखवणारा वेगळा विभागच काढला. निरक्षर माणूसही वाचनालयाचा हक्कदार आहे, असे मानणारी ती व्यवस्था होती. इथून तिकडे गेलेला हा विचार इथेच क्षीण होऊ देणे आपल्याला शोभणारे नाही.

आणि तो क्षीण होण्याचा धोका खरा आहे. १४ मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात वाचनालयांना अनुदान देणाऱ्या संघीय संस्थेचे काम कायद्याने शक्य तितके आटोपते घ्यावे असे म्हटले गेले. त्यावर न्यायालयीन लढाया झाल्या. वाचनालयांचा बहुतेक पैसा स्थानिक असतो, त्यामुळे इमारती बंद पडणार नाहीत, हे खरे. पण संघीय अनुदानातून अनेक राज्यांत चालतात त्या नेमक्या बोलक्या पुस्तकांसारख्या आणि पुस्तकांच्या देवघेवीसारख्या सेवा. पैसे कमी पडले की कात्री आधी तिथे लागते, कारण ज्यांच्यासाठी त्या आहेत ते लोक तक्रार करायला बैठकीला येऊ शकत नाहीत.

म्हणून बैठकीला आपण जायला हवे. वाचनालयाच्या विश्वस्तांच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखलेली असते. आपल्या शाखेत घरपोच सेवा आहे का, उशिराचा दंड अजून चालू आहे का, भारतातून आलेल्या पालकांना कोणत्या कागदावर कार्ड मिळते, एवढे तीन प्रश्न तिथे विचारा. मराठी पुस्तकांची मागणी लेखी नोंदवा. ज्यांच्या घरी वाचायला अडचण असलेली व्यक्ती आहे, त्यांनी बोलक्या पुस्तकांचा अर्ज शाखेतून आणावा; तो भरायला मदत लागल्यास मंडळाच्या कार्यकारिणीला कळवावे. गाडी चालवणाऱ्या सभासदांनी महिन्यातून एकदा एका ज्येष्ठाला वाचनालयात नेण्याची तयारी असल्यास आपले नाव पुढच्या अंकाआधी आमच्याकडे द्यावे.