परदेशी सहल : कर्ज काढून की तयारी करून?

काही दिवसांपूर्वी ओळखीतले एक पालक घरी आले. हातात मुलीच्या शाळेचे रंगीत पत्रक होते, सिंगापूरच्या सहलीचे. मुलगी आठवीत, वडिलांचे छोटे गॅरेज. म्हणाले, "सर, बच्ची दो दिन से रो रही है. सोसायटीतून कर्ज काढू का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव, सगळीकडच्या खासगी शाळांच्या पालकांपर्यंत दुबई, सिंगापूर आणि "नासा टूर"ची पत्रके पोहोचू लागली आहेत. आपल्या समाजात परदेश म्हणजे आजवर दोनच गोष्टी होत्या. एक हज-उमराह आणि दुसरी आखातातली नोकरी. शिकण्यासाठी परदेश ही कल्पना घराघरात येते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. सूरह अनकबूतमध्ये तर जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहायला सांगितले आहे. प्रवासाला आपला विरोध असण्याचे कारणच नाही.

पण पैसे भरून काय मिळते, ते नीट पाहिले पाहिजे. "नासा टूर" या शब्दांनी पालक भारावून जातात. नासानेच आपल्या मुलाला बोलावले, असे वाटते. खरे तर फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरचे पर्यटक केंद्र तिकीट काढून कोणालाही पाहता येते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी १८५ डॉलर आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. सहलीत मूल विमानात बसते, मोठे रॉकेट पाहते, फोटो काढते. त्या रॉकेटबद्दल आधी काही वाचलेलेच नसेल, तर घरी फक्त फोटो येतात आणि मागे हप्ते राहतात.

आता दुसरा रस्ता पाहा. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतील सहावी-सातवीच्या मुलांची परीक्षा घेतली. खगोलशास्त्रात नावाजलेली पुण्याची आयुका ही संस्था त्यात सोबत होती. हजारो मुलांतून ७५ जण निवडले गेले, ५० इस्रोसाठी आणि २५ नासासाठी. खर्च जिल्हा परिषदेचा. निवड झालेल्या एका मुलीने त्याआधी रेल्वेनेही प्रवास केलेला नव्हता, अशी बातमी आली होती. पुढे राज्य पातळीवरही सरकारी शाळांतील मुलांना नासाला नेण्याची घोषणा झाली.

या दोन सहलींत विमान तेच, ठिकाणही तेच. फरक जाण्याआधीच्या महिन्यांत आहे. परीक्षेतून निवडले गेलेले मूल प्रश्न घेऊन जाते. आणि ज्यांची निवड झाली नाही, त्या हजारो मुलांनीही त्या निमित्ताने विज्ञानाचा अभ्यास केला. हा फायदा कोणत्याही टूर कंपनीच्या पत्रकात लिहिलेला नसतो.

माझी काळजी वेगळीच आहे. अशी परीक्षा उद्या आपल्या तालुक्यात झाली, तर आपली मुले तिथे बसलेली असतील का? राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा उर्दूसह सात माध्यमांतून देता येते, तरी "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून फॉर्मच न भरणारी घरे मी पाहिली आहेत. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, शाळेत जाऊन विचारा. विज्ञानाची कोणती परीक्षा किंवा प्रदर्शन येते आहे? प्रश्नपत्रिका उर्दूत मिळणार का? मिळणार नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, लेखी मागणी करा. निकाल लागल्यावर नाराज होऊन उपयोग नाही.

दुसरी, कागदपत्रे. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसरे, आधारवर "शेख" कधी पुढे तर कधी मागे. हे आपल्याकडे घरोघरी आहे. निवड झाली आणि पासपोर्ट अडला, तर मूल घरीच बसेल. मूल शाळेत आहे तोवर नावाची दुरुस्ती करून घ्या, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो आणि अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते, म्हणून आईचीही कागदपत्रे नीट हवीत.

तिसरी, आधी जवळचे पाहा. बुऱ्हाणपूर आपल्या शेजारी आहे. तिथला कुंडी भंडारा म्हणजे मोगल काळात, १६१५च्या सुमारास, जमिनीखालून शहरात पाणी आणण्यासाठी केलेली व्यवस्था. डोंगरातून झिरपणारे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने कसे वाहते, हे तिथे उतरून पाहिले की भूगोल आणि विज्ञान एकाच दिवसात कळते. तिथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. मुलांना तो स्वतः शोधू द्या. उल्केच्या आघाताने तयार झालेले लोणार सरोवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. अंतराळात रस असणाऱ्या मुलाने नासाआधी लोणार पाहिलेले असावे. जाण्याआधी पाच प्रश्न लिहायला लावा आणि आल्यावर त्यांची उत्तरे विचारा.

ऐपत असेल आणि मुलाची तयारी असेल, तर परदेशी सहलीला जरूर पाठवा. पण व्याजाचा पैसा काढून, शेजारच्याचे मूल गेले म्हणून पाठवू नका. व्याजाबद्दल आपल्या दीनचा हुकूम काय आहे, तो मी वेगळा सांगायला नको.

त्या पालकांना मी हेच सांगितले. मुलगी दोन दिवस रुसली. आता तिची वही माझ्याकडे आहे, कुंडी भंडाऱ्यावरचे अकरा प्रश्न तिने लिहिलेत. पुढच्या रविवारी चार-पाच घरची मुले आणि दोन गाड्या घेऊन आम्ही निघतो आहोत, इन्शाअल्लाह. तिचे आधारवरचे नाव दुरुस्त करायलाही दिले आहे.