आपल्या डोळ्यातील मुसळ

२००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. तो संताप रास्तच होता. मात्र त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानावर अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक आपलेच होते, याचे स्मरण किती जणांना झाले? वर्णद्वेष ही केवळ गोऱ्यांची मिरासदारी आहे, अशी सोयीस्कर समजूत आपण करून घेतली आहे.

वस्तुतः हा पूर्वग्रह थोड्याफार प्रमाणात प्रत्येक मनात दडलेला असतो. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात झालेल्या मारहाणीनंतर प्राणास मुकला. वादाचे निमित्त काय, तर त्याच्या केसांची टिंगल! पुढे बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने शिफारशी केल्या. पण ‘चिंकी’ हा शब्द जिभेवरून कायद्याने कसा उतरणार? भारतमातेची तसबीर भिंतीवर असलेल्या घरातही तवांगच्या मुलीला ‘तू चिनी का?’ असे सहज विचारले जाते. १९६२ चे चिनी आक्रमण ज्यांच्या अंगणात उतरले, त्यांच्याच लेकीला हा प्रश्न!

विद्यार्थी परिषदेने १९६६ पासून पूर्वांचलातील विद्यार्थ्यांना अन्य प्रांतांतील कुटुंबांत पाहुणे म्हणून नेण्याचा उपक्रम चालविला आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांनी या मुलांना पोटच्या मुलांसारखी माया लावली. परंतु असाच एखादा मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येऊन भाड्याची खोली मागू लागला, की सोसायटीला प्रथम आठवतो तो त्याच्या स्वयंपाकाचा वास.