ओलावामापकाचा एक आकडा म्हणजे निवाडा नव्हे

शेतमालाच्या खरेदीत वजनाइतकेच महत्त्व आज ओलाव्याच्या मापाला आले आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत सर्वसाधारणपणे १२ टक्के ओलावा ही मर्यादा धरली जाते. माल तिच्या आत असेल तर स्वीकारला जातो. बाहेर गेला तर गाडी परत फिरते. वजनाच्या काट्याकडे शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहतो. ओलावामापकावर उमटलेला आकडा मात्र तो निमूटपणे मान्य करतो. ही समजूत बदलणे अगत्याचे आहे. ओलावामापक हे उपयुक्त साधन आहे. परंतु त्याचा एकच आकडा हा अखेरचा निवाडा मानणे शास्त्राला धरून नाही.

यंत्र काय मोजते?

वापरात असलेली अनेक अंकदर्शक यंत्रे दाण्यातील पाणी प्रत्यक्ष मोजीत नाहीत. धातूच्या दोन पृष्ठांमध्ये विद्युतभार साठवून ठेवण्याची जी क्षमता असते, तिला विद्युत् धारिता म्हणतात. यंत्राच्या पात्रात धान्य ओतले की ही धारिता वाढते. कोरड्या धान्यामुळे ती थोडीच वाढते. पाण्यामुळे मात्र ती सुमारे ८० पट होऊ शकते. म्हणून धारितेवरून ओलाव्याचे अनुमान करता येते. अडचण एवढीच की, मोजावयाची राशी अतिसूक्ष्म असते. धारितेचे परिमाण फॅरड. येथे मोजणी चालते ती पिकोफॅरडमध्ये, म्हणजे फॅरडच्या एक लाख कोटीव्या भागात. एवढ्या नाजूक मापात आसपासच्या विजेची खळबळ सहज मिसळते.

याचा अनुभव प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर येतो. त्याच्या काचेखालीही धारितेचेच मापन चालते. बोट टेकले की धारितेत साधारण एका पिकोफॅरडचा किंवा त्याहूनही कमी फरक पडतो आणि त्यावरून यंत्र स्पर्श ओळखते. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणदिनी गावोगावचे लाखो लोक दादरच्या चैत्यभूमीवर येतात. त्यांतील असंख्य शेतकरी व शेतमजूर शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. मुक्कामात मोबाइलला चार्जिंग लागतेच. अशा वेळी कोणी हलक्या प्रतीचा चार्जर लावून फोन वापरू लागला, तर पुष्कळदा एक अक्षर दाबावे आणि दुसरेच उमटावे, असा प्रकार होतो. बोट तेच, काच तीच. परंतु चार्जरमधील विजेची खळबळ फोनमध्ये उतरते आणि बोटाच्या सूक्ष्म खुणेला झाकून टाकते. तार काढली की फोन पुन्हा ताळ्यावर येतो. शिवाजी पार्कवर फोनमध्ये एक अक्षर चुकले तर ते खोडता येते. खरेदी केंद्रावर ओलाव्याचा आकडा चुकला तर वर्षभराच्या कष्टाचा भाव चुकतो.

दोष दोन प्रकारचे

मोबाइल बनविणाऱ्यांनी या खळबळीवर जे उपाय योजले, ते खरेदी केंद्रालाही मार्गदर्शक आहेत. पहिला उपाय म्हणजे अनेक वेळा मोजून सरासरी काढणे. खळबळ कधी आकडा वाढविते, कधी घटविते. सरासरीत ती बरीचशी एकमेकींस छेदते. चार वाचनांच्या सरासरीत असा चढउतार निम्म्यावर येतो, सोळांच्या सरासरीत चतुर्थांशावर.

परंतु सरासरीने सर्व दोष जात नाहीत. काही चुका एकाच बाजूला ओढणाऱ्या असतात. यंत्राचे शून्य सरकलेले असेल, पिकाची निवड चुकलेली असेल, दाणे उन्हातून काढून गरम असतानाच ओतले असतील, धान्य दरवेळी दाबूनच भरले असेल, तर शंभर वेळा मोजले तरी चूक तशीच राहते. म्हणूनच मोबाइलचे यंत्र बोट नसतानाची धारिता पुनःपुन्हा तपासून आपला पाया नीट करीत असते. ओलावामापकाचा पाया म्हणजे रिकाम्या, कोरड्या पात्राचे वाचन. ते तपासल्याशिवाय दिवसाचे काम सुरू होऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. यंत्र चाळणीच्या मोटारीपासून व जनित्रापासून दूर ठेवावे. बॅटरी भरलेली असावी. मोजताना पात्राला हात लावू नये, कारण हाताची स्वतःची धारिता मापात मिसळते. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून नमुने घ्यावेत, ते सावलीत यंत्राच्या तापमानाला येऊ द्यावेत आणि सारख्याच उंचीवरून ओतावेत. किमान तीन वाचने घ्यावीत. एखादे वाचन इतरांपासून फारच दूर गेले, तर ते सरासरीत न मिसळता नवा नमुना घ्यावा. प्रयोगशाळेत ओलावा निश्चित केलेले धान्य हवाबंद बाटलीत ठेवून रोज सकाळी त्यावर यंत्र पडताळावे.

सीमेवरील मालाचे काय?

खरा प्रश्न मर्यादेच्या सीमेवरचा आहे. समजा, यंत्राच्या मापात अर्ध्या टक्क्याचा फरक संभवतो आणि आकडा १२.३ आला. हा माल मर्यादेबाहेर आहे, असे ते यंत्र खात्रीने सांगूच शकत नाही. अशा वेळी गाडी परत लावणे हा अन्याय होय. तेथे नमुना ओव्हनमध्ये वाळवून वजनातील घट पाहणे, हाच अखेरचा आधार मानला पाहिजे. १०० ग्रॅम नमुन्यात १२ ग्रॅम घट आली तर ओलावा १२ टक्के; याविषयी वाद उरत नाही.

खरेदीदाराची बाजूही रास्त आहे. ओला माल गोदामात बुरशीने बिघडतो, मर्यादा हवीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती सोयाबीनची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. त्याने शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, परंतु मापाचा प्रश्न सुटला नाही. मर्यादा १२ ची असो वा १५ ची, सीमेवरचा शेतकरी चुकीच्या आकड्याने तसाच भरडला जातो. गर्दीत इतका वेळ कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. तीन वाचनांना काही मिनिटे लागतात. परत फिरलेल्या गाडीचे भाडे आणि वाया गेलेला दिवस यांच्यापुढे ती मिनिटे क्षुल्लक आहेत.

नाकारले जाण्याच्या धास्तीने शेतकरी माल अति वाळवितो, हीदेखील हानीच आहे. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १० टक्क्यांवर आणला की वजन सुमारे २.२ किलो घटते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ही घट क्विंटलमागे सुमारे ११८ रुपयांची होते.

तेव्हा काट्यावरील तपासणीचा शिक्का शेतकरी ज्या हक्काने पाहतो, त्याच हक्काने त्याने ओलावामापकाच्या पडताळणीची तारीख विचारावी आणि तिन्ही वाचने पावतीवर लिहून घ्यावीत. केंद्रचालकांनी ती मागण्याआधीच द्यावीत, हे अधिक शोभेल. ज्या मापावर दोन्ही पक्षांचा विश्वास बसतो, त्याच मापावर बाजार नीट चालतो.